अडीच छटाक तूप

लांजीतल्या आमच्या घरात ओव्हन आला तेव्हा सासूबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. "यात अंड्याचं काही करणार नाहीस ना?" आणि "ते बाजारचं लोणी घरात येणार नाही ना?" दोन्हींना मी नाही म्हटलं आणि सुटले असं मला वाटलं. पण त्या दुसऱ्या 'नाही'ने मला पुढे बरंच गणित करायला लावलं, आणि गणित सुटल्यावरही हाताशी थोडं काहीतरी उरलंच. त्या उरलेल्याबद्दल आज लिहिते आहे.

माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिनं बिस्किटांची सोपी कृती पाठवली. एक कप बटर, अर्धा कप साखर, दोन कप मैदा. बस्स. मी लोण्याच्या जागी तूप घेतलं. कप तर कप. चांगला काठोकाठ भरून ओतला. दहा मिनिटांत ओव्हनच्या काचेतून बघते तर बिस्किटं पसरत पसरत एकमेकांच्या गळ्यात पडलेली, आणि खालच्या कागदावर तूप सुटलेलं. सासूबाईंनी ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बिस्किट आहे की धिरडं?"

आता लोणी आपल्याकडे का चालत नाही, हे जुन्या बायांना सांगायला नको. पण मुलींना सांगावं लागतं. दिगंबरांत अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त आणि श्वेतांबरांत हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त लोण्याला मद्य, मांस आणि मध यांच्या पंक्तीला बसवलं आहे. बाकीच्या बाबतीत दोन पंथांत कितीही वाद असोत, इथे मत एक. ताकातून काढलेल्या लोण्यात थोड्याच वेळात सूक्ष्म जीव उपजू लागतात, असं सांगितलं आहे. तो वेळ नेमका किती, हे परंपरेपरंपरेत थोडं वेगळं सांगतात. आमच्या घरी अंतर्मुहूर्त धरतात, म्हणजे दोन घटिकांच्या, ४८ मिनिटांच्या आत. म्हणून सासूबाई लोण्याचा गोळा हाताने काढायच्या तो सरळ कढईत. कढवून झालं की तेच तूप. तेच दूध, तीच गाय, तेच हात. मधे फक्त थोडा वेळ आणि थोडा विस्तव. म्हणजे आपल्या घरात लोण्याचं पहिलं माप कपाचं नाही, शेराचंही नाही. ते वेळेचं आहे.

भाचीला फोन केला. ती हसली. म्हणाली, "मावशी, लोणी म्हणजे नुसतं तूप नसतं गं. त्यात पाणी असतं." इतकी साधी गोष्ट! आयुष्यभर लोणी कढवलं, कढईत तडतड आवाज ऐकला, तो आवाज थांबला की तूप झालं हे ओळखलं. पण तो आवाज पाण्याचा, आणि ते पाणी मोजता येतं, हे कधी डोक्यात आलं नाही. बाजारच्या लोण्यात कायद्याने निदान ८० टक्के स्निग्धांश लागतो, आणि पाणी १६ टक्क्यांपर्यंत चालतं. खारं असेल तर मीठही असतं. तुपात मात्र जवळजवळ सगळाच स्निग्धांश, ९९.५ टक्के. म्हणून मी एक कप लोण्याच्या जागी एक कप तूप घातलं तेव्हा ते बरंच जास्त झालं. बिस्किटांचा काही दोष नव्हता.

मग एक दिवस वही घेऊन बसले. अमेरिकेत लोणी एका पौंडाच्या खोक्यात मिळतं आणि आत चार कांड्या असतात. एक कांडी म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम. दोन कांड्यांचा एक कप, २२७ ग्रॅम. एक मोठा चमचा म्हणजे १४ ग्रॅम. कांडीच्या कागदावर चमच्यांच्या रेघाच छापलेल्या असतात, सुरी ठेवायची आणि कापायचं. हे आकडे लिहिता लिहिता मला माळ्यावरच्या डब्यातली मामंजींच्या दुकानाची जुनी लोखंडी वजनं आठवली. काढून, पुसून तागडीत टाकली. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पावशेर २३३ ग्रॅम. अमेरिकन कपभर लोण्याहून जेमतेम सहा ग्रॅम जास्त. त्याचं नवटाक, शेराचा आठवा भाग, ११७ ग्रॅम. म्हणजे त्यांची एक कांडी. आणि छटाक, सोळावा भाग, ५८ ग्रॅम. म्हणजे पाव कप. मला फार गंमत वाटली. सातासमुद्रापलीकडची बाई आणि लांजीचा वाणी, दोघं नकळत एकाच मापानं लोणी तोलत होते!

तुमच्या कामी येईल म्हणून ते गणित इथे देते. लोण्याचं जेवढं वजन असेल त्याच्या पाच भागांपैकी चार भाग तूप घ्यायचं. २२७ ग्रॅम लोण्याला १८२ ग्रॅम तूप. तूप पाण्याहून हलकं, म्हणून १८२ ग्रॅम तूप मापात साधारण २०० मिलिलिटर भरतं. २४० मिलिलिटरचा कप असेल तर ४० मिलिलिटर कमी भरायचा. केकसारखं ओलं काही करत असाल तर लोण्यातलं पाणी भरून काढायला कपामागे दोन-अडीच मोठे चमचे दूध घालायचं. नानकटाईला आणि कोरड्या बिस्किटांना ते न घातलं तरी चालतं. कृतीत खारं लोणी असेल तर चिमूटभर मीठ आठवणीनं. आणि थिजलेलं रवाळ तूप कपाने मोजूच नये, मधे पोकळी राहते. एक तर पातळ करून मोजावं, नाही तर सरळ तोलावं. कपाचाही भरवसा नाही. बाजारात २४० चा मिळतो, २५० चाही मिळतो, आणि आपल्या चहाचा कप तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, इतरत्र १५ चा. शब्द एक असला म्हणून भांडं एक नसतं.

सासूबाईंना हे सगळं दाखवलं. त्या म्हणाल्या, "आम्ही कधी तोललं नाही, अंदाजानं केलं. काही बिघडलं का?" खरंच बिघडलं नव्हतं. पण अंदाज म्हणजे माप नसणं नव्हे. वर्षानुवर्षं एकाच वाटीनं, एकाच पळीनं केलं की माप हातात मुरतं, त्याला आपण अंदाज म्हणतो. तो आपल्या घरात, आपल्या वाटीपुरता खरा असतो. वाटी बदलली, किंवा वस्तू दुसऱ्याच्या घरची असली, की तागडी लागतेच. माझ्यावर ती वेळ लवकरच आली.

आपल्याकडे दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घेऊन नानकटाई भाजायला बेकरीत जायची रीत आहे. पण आपल्या घरांतल्या बायांना बेकरीची भट्टी नको वाटते, शेजारच्या ट्रेमध्ये काय आहे कोण जाणे. म्हणून माझा ओव्हन आल्याचं कळल्यावर शेजारच्या काकूंनी मलाच विचारलं. मी कृती सांगितली, एका घाण्याला एक कप. माझी चूक ही, की तुपाचा हिशेब तेव्हा नुकताच समजला होता आणि त्यांना सांगताना मी जुनाच आकडा सांगून बसले. चार घाण्यांचं सामान त्यांनी पाठवलं. तूप चांगलं चार कप भरून. आणि तूप साधं नव्हे, घरच्या गाईचं, मर्यादेचं. त्याच दिवशी घुसळलेलं, त्याच वेळेत कढवलेलं, थोडं थोडं करून साठवलेलं. असं तूप पैसे टाकून मिळत नाही.

मी प्रत्येक घाण्याला २०० मिलिलिटरच घेतलं. नानकटाई सुरेख झाली, वर बारीक तडे, तोंडात टाकली की विरघळणारी. चारही घाणे उतरले आणि बरणीत तूप उरलं. तागडीवर टाकलं. दोन छटाक आणि अर्धी छटाक घातल्यावर पारडं बरोबर आलं. अडीच छटाक, म्हणजे १४५ ग्रॅम. काकूंच्या गाईचं निदान साडेतीन-चार लिटर दूध.

खरं सांगते, ती बरणी मी फडताळात ठेवली. नानकटाई मोजून डब्यात भरली आणि डबा पाठवून दिला. मनात म्हटलं, मजुरी तर घेतली नाही. विजेचं बिल आपलंच. आणि त्यांच्या हिशेबानं तूप संपलेलंच आहे. एक कप म्हटलं होतं, त्यांनी एक कप दिला. कुणाचं काय बुडालं? नानकटाई उलट चांगली झाली. हे सगळं खरं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी रात्री झोप लागेना.

तेव्हा मामंजींची आठवण झाली. त्यांचं दुकान धानाचं. हा सगळा मुलूखच धानाचा; पलीकडे गोंदिया, अलीकडे बालाघाट. १९५६ च्या प्रांतरचनेत भंडारा जिल्हा, म्हणजे गोंदियाही, मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि धानाला कुडो-खंडीची भाषा. धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. मामंजी म्हणायचे, "लाभ सगळेच म्हणतात, पण कुणाचा, हे कुणी म्हणत नाही." शेतकऱ्याकडून घेताना माप शिगेनं भरायचं, आणि तेच माप गिऱ्हाइकाला देताना वरून हात फिरवून काठाला सपाट करायचं. माप एकच. त्यावर सरकारी शिक्काही खरा. चोरी असते ती शिगेत.

दुसरी गोष्ट ते आण्यांची सांगायचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे १६ आणे होते, त्याचे १०० नवे पैसे झाले. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पण पाव पैसा कुठून आणणार? म्हणून कोष्टक ठरलं. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. एक-एक आण्याचा जिन्नस चार वेळा घेतला तर २४ पैसे, एकदम घेतला तर २५. पुढे १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो यायला लागला आणि शेर-छटाक हळूहळू गेले. मामंजी म्हणायचे, त्या दिवसांत गिऱ्हाईक प्रत्येक हिशेबाला बिचकायचं, आणि त्याचं बरोबर होतं. जुनं माप नव्यात घालताना थोडंसं कुठे तरी उरतंच, किंवा कमी पडतं. ते कुणाच्या पदरात टाकायचं, हे कोष्टकात लिहिलेलं नसतं. दुकानदाराची नियत तिथे कळते.

आपण पर्युषणात रोज एक अध्याय तत्त्वार्थसूत्र ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो आणि त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार येतात. त्यांतला एक 'हीनाधिकमानोन्मान'. 'मान' म्हणजे धान्याचं माप, 'उन्मान' म्हणजे तागडी. पूज्यपादांच्या 'सर्वार्थसिद्धी' टीकेत त्याचा अर्थ उलगडला आहे, की देताना कमी मापानं द्यायचं आणि घेताना जास्त मापानं घ्यायचं. मी दरवर्षी ऐकत आले आणि दरवर्षी वाटलं, हे व्यापाऱ्यांसाठी आहे, पुरुषांसाठी आहे. आपण कुठे तागडी घेऊन बसतो? त्या रात्री कळलं की कपही तागडीच आहे.

मैत्रिणींनो, आणखी एक विचार मनात आला. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. आपलं श्रावकाचं सगळं धर्माचरणच एका अर्थी मापाचं आहे. व्रतांची नावंच पाहा, परिग्रहपरिमाण, भोगोपभोगपरिमाण. साधूंचं महाव्रत असतं, पुरतं, त्यात काही सूट नाही. आपल्याला तेच व्रत आपल्या भांड्यात बसेल एवढं करून दिलं आहे, म्हणून ते अणुव्रत. म्हणजे गृहस्थाचा धर्म हे एक रूपांतरच आहे, आणि मोठं माप लहानात घालताना काहीतरी बाहेर राहणारच. चूल पेटवायची, धान्य निवडायचं, व्यापार करायचा, यांत थोडी हिंसा, थोडा लोभ उरतोच. तो उरतो म्हणून कुणी आपल्याला चोर म्हणत नाही. पण जिथे जिथे उरतं, तिथे ते दर वेळी माझ्याच बाजूला कलंडतं का, हे बघायला हवं. कधी इकडे, कधी तिकडे, ती चूक झाली. नेहमी माझ्याच पदरात, तर ती शीग झाली.

भाचीनं मला एकदा विचारलं होतं, "मावशी, आमच्याकडचं लोणी तापवून थंड केलेल्या सायीचं, गोठवलेलं असतं. त्याला तुमची ४८ मिनिटं कुठून मोजायची?" तेव्हा मी काही तरी बोलून वेळ मारून नेली होती. पुस्तकात फ्रीज नाही, हे खरंच. जुना आकडा जसाच्या तसा नव्या भांड्यात ओतला तर काय होतं, ते माझ्या पहिल्या ट्रेनं दाखवलंच होतं. पण भांडं बदललं म्हणून मापच सोडून देता येत नाही. आता विचारलं तर सांगीन, की पोरी, आकडा कशासाठी होता ते बघ. तो जिवांसाठी होता. हिशेब नक्की लागत नसेल तर जो भाग उरतो तो जिवाच्या बाजूला टाक, तुझ्या जिभेच्या बाजूला नको. दुकानात उरलेलं गिऱ्हाइकाचं, ताटात उरलेलं जिवाचं. मला तरी दोन्हीकडे एकच नियम दिसतो. यानं तिचं समाधान होईल की नाही, माहीत नाही. तिला लोणी घ्यायचंच असेल तर ती घेईल. पण निदान काय सोडलं आणि कुणाच्या पदरात टाकलं, हे तिला कळलेलं असेल.

सकाळी बरणी घेऊन काकूंकडे गेले. अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं; लोण्यात पाणी असतं, तूप कमी लागतं, मी आकडा चुकीचा सांगितला, म्हणून हे अडीच छटाक उरलं. रात्रभर ठेवून घेतलं होतं, हेही सांगितलं. ते सांगताना मात्र जीभ जड झाली.

काकू बरणीकडे बघत म्हणाल्या, "कायले आनलं वो बाई वापस? मले का समजते तुहा कप लहान का मोठा? म्हणूनच भरून भरून देल्लं होतं. उरन तं तुहं, असंच म्हटलं होतं मनात."

मी गप्पच झाले. म्हणजे ते माझंच होतं? मग रात्रभर मी कशाला जागले? क्षणभर हसूही आलं, की एवढं पाप-पुण्य केलं आणि निघालं काय!

पण काकू उठल्या. बरणी हातातून घेतली, आत जाऊन ठेवली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून वाटी भरून तूप घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली. "आता देतो," म्हणाल्या. "आता ठेव."

तूप तेच होतं. वाटीत थोडं कमीच असेल, मी तोललं नाही. काकूंनी मनात दिलं होतं, पण ते मला कळलं नव्हतं. मी घेतलं तेव्हा ते माझ्यापुरतं न दिलेलंच होतं, अदत्तच. कढईत टाकण्याआधीचं लोणी आणि नंतरचं तूप यांत जेवढा फरक, तेवढाच फरक या दोन तुपांत होता. सासूबाईंना त्या दिवशी वरणावर वाढलं. त्या म्हणाल्या, "तूप चांगलं आहे गं. कुणाचं?" मी म्हटलं, "काकूंनी दिलं."

आता माझ्या ओव्हनजवळ भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर ग्रॅम, कप, छटाक यांचं कोष्टक आहे. खाली एक ओळ मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. कुणाचं सामान भाजायला आलं की त्या ओळीत 'उरलं किती' ते लिहिते, आणि डब्यासोबत ते परत पाठवते. कधी चमचाभर तूप असतं, कधी मूठभर साखर. बाया हसतात. म्हणतात, "एवढंसं काय परत करता?" हसू देत. एवढंसंच तर असतं.